न्यायाधीशांची निवडणूक

न्यायदान करणाऱ्या व्यक्तीची नेमणूक शासनाने अथवा वरिष्ठ न्यायालयाने न करता ती मतदानाने करण्याची पद्धती. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील काही राज्यांत स्थानिक न्यायाधीशपदासाठी वकील राजकीय पक्षाची उमेदवारी घेऊन निवडणूक लढवितो. भारतात अशी पद्धती कधीच नव्हती, असे सामान्यतः समजले जाते. वेतनधारी न्यायाधीशांपुरते ते खरे आहे. तथापि लोकांनी निवडलेला पंच महाराष्ट्रास अपरिचित नव्हता. अपरिचित होता तो निवडून आलेला वकील-न्यायाधीश. जेथे जेथे निवडीचे तत्त्व मान्य झाले, तेथे तेथे वकिलास बाहेर ठेवण्यात आले. सोलापूर जिल्ह्याच्या न्यायदानाच्या इतिहासातून हा क्रम स्पष्ट दिसून येतो.

मराठा अमदानीत वतन, शिव, दत्तक, मानपान यांसंबंधीचे तंटे गोतसभेपुढे चालत. पाटील, कुलकर्णी, बलुतेदार आणि परगण्याचे देशमुख-देशपांडे वंशपरंपरेने तीत बसत. त्यांची निवड होत नसे. पेशवाईत मात्र पंचायतीस अधिक महत्त्व आले. पंच कोण असावेत याविषयी वादी-प्रतिवादींची संमती घेतली जाई व निर्णय मान्य करण्याबद्दल त्यांच्याकडून राजीनामा, म्हणजे संमतिपत्र, लिहून घेत. ही निवड मतदारांची नव्हे, तर तंटा असणाऱ्या दोन पक्षांची होती, हे ध्यानात ठेवले पाहिजे. १८१८ मध्ये सोलापूरचा किल्ला इंग्रजांच्या हाती पडला. त्यानंतर मौंट स्ट्यूअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ च्या आपल्या अहवालात पंचायतीचे दिरंगाई, अधिकाराचा अभाव इ. दोष नमूद केले, तरीही ती टिकवावी असाच त्याचा कल होता. पण १८२७ च्या विनियमांनी पगारी न्यायाधीशांची न्यायालये स्थिरावली व त्यांबरोबर वकिलांचा वर्ग उदयास आला. लोक आपण होऊन पंचायतीकडून न्यायालयाकडे वळले. पंचायत मोडली ती केवळ सरकारी दडपणामुळे, ही समजूत म्हणूनच अपुरी आहे.

न्यायालयांचा लाभ प्रथम झाला तो सावकारांना. कर्जरोख्यावर हुकूमनामा मिळविणे सोपे झाले आणि निरक्षर कुणबी बहुधा न्यायालयात हजरही राहत नसे. १८७५ मध्ये सुपे येथून दख्खनचे दंगे सुरू झाले. त्यांच्या चौकशीनंतर झालेला १८७९ चा दख्खन शेतकरी साहाय्य अधिनियम पुणे, सातारा, अहमदनगर व सोलापूर या चार जिल्ह्यांना लागू करण्यात आला. (अक्कलकोट हे तेव्हा संस्थान असल्याने या अधिनियमाच्या बाहेर राहिले.) त्याने ग्राममुन्सफ व समेटकार अशी दोन पदे निर्माण केली. ग्राममुन्सफ अगदी लहान रकमेचे दावे ऐके; समेटकाराकडे जाऊन आल्याचा दाखला असल्याखेरीज शेतकऱ्याविरुद्धचा दावा न्यायालयात दाखल होत नसे. या पदांसाठी पाटील किंवा गावात वजन असलेला गृहस्थ सरकार नेमी. निवडणुकीचा त्यात लवलेशही नव्हता. मात्र ग्राममुन्सफ व समेटकार यांच्यापुढे, तसेच शंभर रुपयांपर्यंतच्या ठरावीक दाव्यांत, वकिलास सर्वसाधारणपणे मज्जाव होता. वकील आला की खर्च वाढतो, तांत्रिक मुद्दे उपस्थित होतात आणि ज्याच्यापाशी पैसा त्याची सरशी होते, हे त्यामागील गृहीत होय. या अधिनियमाखालील कामकाजाच्या तपासणीची जबाबदारी पुढे महादेव गोविंद रानडे यांच्याकडे आली व त्यानिमित्त त्यांना या जिल्ह्यांत फिरावे लागले.

निवडणुकीचे तत्त्व न्यायदानात शिरले ते ग्रामपंचायतींच्या द्वारे. १९३३ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमात ग्रामपातळीवर न्यायमंडळे स्थापण्याची तरतूद होती. राज्यघटनेच्या चाळिसाव्या अनुच्छेदाने ग्रामपंचायतींच्या संघटनेचा निर्देश केल्यावर या कल्पनेस बळ मिळाले. १९५८ च्या मुंबई ग्रामपंचायत अधिनियमानुसार गावांच्या एका गटासाठी एक न्यायपंचायत असे व गटातील ग्रामपंचायती तिच्यावर आपले प्रतिनिधी निवडून देत. निवडणूक अशी अप्रत्यक्ष होती. किरकोळ रकमांचे दिवाणी दावे आणि क्षुल्लक फौजदारी गुन्हे यांपुरतीच तिची अधिकारिता होती. ती दंड करू शके, कारावासाची शिक्षा देऊ शकत नसे. येथेही पक्षकारातर्फे वकिलास उभे राहता येत नसे. विधी आयोगाने आपल्या चौदाव्या अहवालात (१९५८) आणि केंद्र शासनाच्या अभ्यासगटाने १९६२ मध्ये या संस्थेचा साकल्याने विचार केला होता. दोहोंचे मत मर्यादित स्वरूपात का होईना, तिला अनुकूल होते.

अपेक्षा व अनुभव यांत मात्र अंतर पडले. ग्रामपंचायतींच्या निवडणुका महाराष्ट्रात पक्षचिन्हांवर होत नाहीत. पण चिन्ह नसले म्हणून पक्ष नसतो असे नव्हे. गावात दोन पॅनेले असतात आणि त्यांचे धागे सहकारी सोसायटी, साखर कारखाना व १९६२ पासून जिल्हा परिषद यांपर्यंत पोहोचतात. सोलापूरसारख्या जिल्ह्यात, जेथे ऊस आणि सहकार यांभोवती राजकारण फिरले, तेथे हे विशेष जाणवते. बहुमताच्या गटाने निवडलेल्या पंचापुढे अल्पमताच्या गटातील माणसाने बांधाचा किंवा मारहाणीचा तंटा घेऊन जावे, ही अपेक्षा व्यवहारात फोल ठरणारी होती. दलित वस्तीतील फिर्यादीची स्थिती त्याहून बिकट. तिला न्यायाधीश परका असणे हाच आधार वाटे, आणि गावकरी न्यायाधीशाची थोरवी सांगणाऱ्यांनी या गोष्टीकडे पुरेसे लक्ष दिलेले आढळत नाही. १९७० नंतरच्या दशकात महाराष्ट्राने न्यायपंचायती रद्द केल्या. अशोक मेहता समितीने १९७८ मध्ये सुचविलेला मार्ग, म्हणजे अध्यक्षस्थानी अर्हताप्राप्त न्यायाधीश ठेवून न्यायपंचायत चालविणे, येथे अवलंबिला गेला नाही. २००८ च्या ग्रामन्यायालय अधिनियमाने तर निवडणूक पूर्णतः वगळली. त्यातील न्यायाधिकारी उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून राज्य शासन नेमते.

अमेरिकेत वाटचाल नेमकी उलट झाली. मिसिसिपीने १८३२ मध्ये आपले सर्व न्यायाधीश निवडणुकीने नेमण्याचे ठरविले. १८४६ मध्ये न्यूयॉर्कने तोच मार्ग धरला. राज्यपाल व विधिमंडळ यांच्या मेहेरबानीतून न्यायाधीशास सोडवावे, हा त्यामागील हेतू होता. म्हणजे निवडणूक ही न्यायालयाच्या स्वातंत्र्यासाठीच मागितली गेली. पक्षांनी ती लवकरच ताब्यात घेतली. टेक्सससारख्या राज्यात आजही जिल्हा न्यायाधीशपदाच्या उमेदवाराचे नाव पक्षाच्या नावासह मतपत्रिकेवर असते. अशा उमेदवारास निधी गोळा करावा लागतो, आणि देणगीदारांत त्याच न्यायालयात काम चालविणारे वकील असतात. वेस्ट व्हर्जिनियातील २००४ च्या निवडणुकीत एका कोळसा कंपनीच्या प्रमुखाने एका उमेदवारासाठी सु. तीस लाख डॉलर खर्चिले; पुढे त्याच कंपनीच्या अपिलात तो न्यायाधीश बसला. २००९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी ते अयोग्य ठरविले. मिसूरीने १९४० मध्येच निवड समितीची पद्धती स्वीकारली होती. उलट मेक्सिकोने १ जून २०२५ रोजी देशभर न्यायाधीशांसाठी मतदान घेतले. पक्षांना उमेदवार उभे करण्यास मात्र मनाई होती.

सोलापूरच्या वकिलास न्यायाधीश होण्याचे मार्ग वेगळे आहेत. कनिष्ठ स्तरावर लोकसेवा आयोगाची परीक्षा आणि, सर्वोच्च न्यायालयाच्या २० मे २०२५ च्या निर्णयानुसार, तीन वर्षांची वकिली. जिल्हा न्यायाधीशपदासाठी राज्यघटनेच्या २३३ व्या अनुच्छेदानुसार किमान सात वर्षांची वकिली व उच्च न्यायालयाची शिफारस. पक्षाचे तिकीट त्याला विधिमंडळाकडे नेते. व्यवसायाने वकील असलेले शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे १९५२ मध्ये सोलापूरमधून लोकसभेवर गेले, ते या मार्गाने. राजकारण आणि न्यायासन यांमधील भिंत पूर्वी इतकी उंच नव्हती, हेही खरे : नारायण गणेश चंदावरकर १९०० च्या लाहोर काँग्रेसचे अध्यक्ष होते व लगेचच मुंबई उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. पण ती नेमणूक होती, निवडणूक नव्हे.

निवडून आलेला वकील न्यायनिवाडा करतो अशी एक जागा मात्र महाराष्ट्रात आहे, आणि तिचा उल्लेख या संदर्भात क्वचितच होतो. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमानुसार राज्य वकील परिषदेचे सदस्य एकल संक्रमणीय मताने वकीलच निवडून देतात. महाराष्ट्र व गोवा परिषदेच्या निवडणुकीत सोलापूरचे वकील मतदार असतात व उमेदवारही होऊ शकतात. परिषदेची शिस्तपालन समिती तिघांची असते. त्यांपैकी दोघे परिषदेने आपल्या सदस्यांतून निवडलेले व तिसरा स्वीकृत अधिवक्ता. साक्षीदारास बोलाविणे, शपथेवर जबानी घेणे इ. बाबतींत तिला दिवाणी न्यायालयाचे अधिकार आहेत. गैरवर्तन सिद्ध झाल्यास ती वकिलास समज देऊ शकते, त्याची सनद निलंबित करू शकते किंवा त्याचे नाव नामावलीतून काढून टाकू शकते. ज्याची मते मागितली त्याच्याच विरुद्धची तक्रार ऐकण्याचा प्रसंग सदस्यावर येऊ शकतो. तिच्या निर्णयावर प्रथम भारतीय वकील परिषदेकडे व नंतर सर्वोच्च न्यायालयाकडे अपील करता येते.