एरर हाताळणी, रिअ‍ॅक्टिव्ह प्रोग्रॅमिंगमधील

माहितीचा अखंड प्रवाह मानून लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये उद्भवणारे एरर पकडणे, पुढे कळवणे आणि त्यांतून सावरणे यांसाठीची पद्धत. तिचे मूळ नियम मायक्रोसॉफ्टमध्ये एरिक मायर यांच्या गटाने घडवलेल्या व २००९ मध्ये प्रथम उपलब्ध झालेल्या आरएक्स लायब्ररीत आहेत. नेटफ्लिक्सने २०१३ मध्ये खुली केलेली आरएक्सजावा, तसेच आरएक्सजेएस व रिअ‍ॅक्टर या लायब्ररी तेच नियम पाळतात.

मूळ नियम : साध्या प्रोग्रॅममधला एरर फंक्शन बोलावणाऱ्याकडे परत जातो आणि ट्राय-कॅचमध्ये सापडतो. प्रवाहातले मूल्य पोहोचेपर्यंत बोलावणारे फंक्शन बहुधा संपलेले असते, अनेकदा थ्रेडही बदललेला असतो. म्हणून एरर मूल्यांच्याच वाटेने पुढे पाठवतात. प्रवाहात मूल्य आणणारा ऑननेक्स्ट संदेश कितीही वेळा येतो. शेवटी पूर्ततेचा ऑनकंप्लीट किंवा अपयशाचा ऑनएरर यांपैकी एकच, तोही एकदाच. ऑनएररनंतर तो प्रवाह संपतो.

सावरण्याचे मार्ग : ऑनएरररिटर्न हा ऑपरेटर (प्रवाहावर काम करणारे फंक्शन) ठरलेले पर्यायी मूल्य देऊन प्रवाह पूर्ण करतो. ऑनएरररिझ्यूमनेक्स्ट दुसऱ्या प्रवाहाकडे वळवतो. आरएक्सजेएसमध्ये हेच काम कॅचएरर करतो. रीट्राय मूळ प्रवाहाला नव्याने सबस्क्राइब करतो (जोडून घेतो), म्हणजे काम पहिल्यापासून होते. माहिती वाचण्यापुरते हे सुरक्षित आहे. पैसे भरण्याच्या विनंतीवर रीट्राय लावला आणि सर्व्हरने दुहेरी नोंद रोखली नाही, तर रक्कम दोनदा कापली जाऊ शकते. दोन प्रयत्नांमधले अंतर वाढवत नेले, तर आधीच अडचणीत असलेल्या सर्व्हरवर भार कमी पडतो.

पकडण्याची जागा : शोधपेटीत अक्षर टाइप होताच स्विचमॅप हा ऑपरेटर सर्व्हरला विनंती पाठवतो, असे समजू. कॅचएरर बाहेरच्या साखळीच्या टोकाला लावला, तर एक विनंती फसताच टाइपिंगचा प्रवाहच बंद होतो. पुढे कितीही अक्षरे टाइप केली तरी शोध होत नाही. तोच कॅचएरर स्विचमॅपच्या आत, प्रत्येक विनंतीवर लावला, तर ती एक विनंती वाया जाते आणि शोध चालू राहतो.

बेवारस एरर : स्क्रीन बंद होऊन सबस्क्रिप्शन रद्द झाल्यावर नेटवर्कचा एरर आला, तर तो घ्यायला कोणी उरत नाही. आरएक्सजावा २ पासून असे एरर दडपले जात नाहीत. ते आरएक्सजावाप्लगइन्स या क्लासकडे सोपवले जातात. तेथे हँडलर बसवलेला नसेल, तर अँड्रॉइड अ‍ॅप बंद पडू शकते. रिकामा हँडलर बसवून गप्प राहणे त्याहून घातक, कारण खरे दोषही त्यात गडप होतात.

वापराचे तारतम्य : चुकीचा पिनकोड किंवा न सापडलेली नोंद यांसारखी अपेक्षित अपयशे साधी मूल्ये म्हणून पाठवावीत. ऑनएरर प्रवाह संपवतो. म्हणून जेथे काम पुढे चालूच शकत नाही, तेथेच तो वापरावा.