अमावास्येचा आकडा तीस



आज घरी गेल्यावर पंचांग काढून पाहा. पौर्णिमेसमोर १५ हा आकडा दिसेल आणि अमावास्येसमोर ३०. आपल्याला यात नवल वाटत नाही. आपला महिना अमावास्येला संपतो, तेव्हा तिचा आकडा तीस असायचाच. पण हेच पंचांग काशीचे असेल तर? तिकडे महिना पौर्णिमेला संपतो, दुसऱ्या दिवशी वद्य पक्षाबरोबर नवा महिना लागतो आणि अमावास्या ऐन मध्यावर येते. असे असूनही काशीचा ज्योतिषी अमावास्येपुढे ३० हाच आकडा मांडतो. मध्यावर तीस! हा हिशेब कोणत्या काळचा आणि तो तिथे का राहिला, हे पाहण्यासाठी आधी जरा आकाशाकडे वळले पाहिजे.

अमावास्या म्हणजे सूर्य आणि चंद्र एकत्र राहतात ती तिथी; ‘अमा’ म्हणजे एकत्र, आणि पुढे ‘वस्’ धातू. तेथून चंद्र सूर्याला मागे टाकून पूर्वेकडे सरकू लागतो. बारा अंशांचे अंतर पडले की एक तिथी पुरी होते. तीस बारे तीनशे साठ, म्हणजे वर्तुळ पूर्ण. त्याला साडेएकोणतीस दिवसांहून थोडा अधिक वेळ लागतो. चंद्राची चाल मात्र सारखी नसते, त्यामुळे कोणतीही तिथी सुमारे वीस तासांपासून जवळजवळ सत्तावीस तासांपर्यंत कमीजास्त होते, आणि पंचांगात क्षयतिथी व वृद्धितिथी येतात. सूर्यापासून १८० अंशांवर, म्हणजे अगदी समोर, चंद्र आला की पौर्णिमा. म्हणूनच त्या दिवशी इकडे सूर्य मावळतो आणि तिकडे चंद्र उगवतो. पुढे तो रोज सरासरी पाऊण तासाहून अधिक उशिरा उगवतो. संकष्टीला जेवणाचे ताट वाढून गच्चीवर वाट पाहणाऱ्या माउलीला हे गणित कोणी शिकवावे लागत नाही. वद्य अष्टमीला तर तो मध्यरात्रीच्या सुमारास येतो. गोकुळअष्टमीच्या कीर्तनात कृष्णजन्म आणि चंद्रोदय बरोबर येतात ते उगीच नव्हे.

आपल्या पूर्वजांची नजर किती बारीक होती पाहा. वैदिक वाङ्मयात अमावास्येला दोन नावे आहेत: कोर पुसट दिसत असेल तर सिनीवाली, मुळीच दिसत नसेल तर कुहू. पौर्णिमेलाही दोन: किंचित उणी ती अनुमती, भरलेली ती राका.

आता महिन्यांची नावे. मधु, माधव ही जुनी नावे ऋतूंची होती. चैत्र, वैशाख ही नावे नक्षत्रांवरून आली. अमावास्येला चंद्रच दिसत नाही, मग त्याच्याजवळचे नक्षत्र कोठून दिसणार? रात्रभर आकाशात असतो तो पौर्णिमेचा चंद्र. तो चित्रेच्या आसपास असेल तो चैत्र, कृत्तिकांच्या आसपास असेल तो कार्तिक. नक्षत्रे सत्तावीस आणि महिने बारा, तेव्हा गाठ दरवर्षी नेमकी पडेलच असे नाही. चैत्री पौर्णिमेला चंद्र कधी स्वातीतही सापडतो.

यावरून एक गोष्ट उघड होते. पौर्णिमेचे नाव ठरले की तिच्या आधीच्या शुद्ध पक्षाचे नाव सर्व देशात एकच राहते. भांडण उरते ते फक्त वद्य पक्षाचे. आपण तो मागच्या पौर्णिमेला जोडतो, उत्तरेकडे पुढच्या पौर्णिमेला जोडतात. म्हणून आपली दिवाळीची अमावास्या आश्विनाची आणि त्यांची कार्तिकाची. आपली महाशिवरात्र माघ वद्यातली, त्यांची फाल्गुनातली. रात्र एकच. गुजरात या बाबतीत आपल्या बाजूचा, अमावास्येला महिना संपवणारा.

मग उत्तरेकडची मूळ रीत कोणती? त्यांचे वर्षही आपल्यासारखेच चैत्र शुद्ध प्रतिपदेला सुरू होते. म्हणजे पौर्णिमान्त चैत्राचा पहिला पंधरवडा जुन्या संवतात आणि दुसरा नव्या संवतात! अधिकमासाची तर आणखी गंमत. दोन अमावास्यांमध्ये सूर्याने रास बदलली नाही तर अधिकमास, हा नियम तिकडेही पाळतात. परिणामी अधिक महिना निजमासाच्या दोन पक्षांच्या मध्ये पाचरीसारखा घुसतो: आधी निज वद्य, मग सबंध अधिक, मग निज शुद्ध. गणित अमावास्येचे आणि नाव पौर्णिमेचे, अशी ही व्यवस्था आहे. तीस हा आकडा त्या गणिताचाच.

पण म्हणून आपलीच रीत तेवढी प्राचीन, असे छाती पुढे काढून सांगण्याचे कारण नाही. पौर्णिमेला ‘पूर्णमासी’ही म्हणतात, म्हणजे महिना पुरा करणारी, हा शब्द सरळ काशीकरांच्या बाजूने साक्ष देतो. तैत्तिरीय संहितेतही दोन्ही रीतींचा मागमूस सापडतो. कोकणातल्या मुरुडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ साली आपला भारतीय ज्योतिषशास्त्राचा इतिहास प्रसिद्ध केला, तेव्हा असे पुरावे त्यांनी एकेक करून मांडले. पेशाने शिक्षक असलेला हा माणूस पंचेचाळिशीच्या आसपास, १८९८ मध्ये गेला. त्याच १८९६ साली रॉबर्ट स्यूएल यांच्यासह त्यांनी शिलालेख-ताम्रपटांच्या तिथ्या तारखांत बदलण्याची कोष्टके इंग्रजीत दिली. पंचांगशोधन हा निव्वळ भटाभिक्षुकांचा उद्योग नव्हे, हे इतिहाससंशोधकांना तेथून चांगलेच उमगले.

एक उदाहरण देतो, ते आपल्या जिव्हाळ्याचे आहे. जेधे शकावलीत शिवाजी महाराजांचा जन्म फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, शुक्रवार असा दिला आहे. आपल्या रीतीने गणित केले तर १९ फेब्रुवारी १६३० येते (ही जुनी ज्युलियन तारीख, आजच्या मोजणीने १ मार्च). पुढे राज्य शासनाने जयंतीसाठी हीच १९ फेब्रुवारी स्वीकारली. पण हीच नोंद एखाद्याने उत्तरेच्या रीतीने वाचली, तर त्याचा फाल्गुन वद्य पक्ष एक महिना आधीच येऊन गेलेला असतो आणि तारीख जानेवारीत जाऊन पडते. अशा वेळी नोंदीतला वार कामास येतो. चांद्रमास साडेएकोणतीस दिवसांचा, चार आठवड्यांहून दीड दिवसाने मोठा. महिना चुकला की वारही चुकतो. १९ फेब्रुवारी १६३० ला शुक्रवारच होता.