दोन गोलांची आघाडी

१५ जानेवारी २०२३, राऊरकेला. उरले सात दिवस.
हॉकी विश्वचषकात भारताची इंग्लंडशी ०-० बरोबरी. शेवटी शेवटी हार्दिक सिंगच्या मांडीचा स्नायू दुखावला. मधल्या फळीतून चेंडू घेऊन थेट समोरच्याच्या अंगावर जाणारा आपला खेळाडू तो. पुढे तो स्पर्धेत उतरलाच नाही.

१९ जानेवारी, भुवनेश्वर. उरले तीन दिवस.
गटात पहिलं येऊन थेट उपांत्यपूर्व फेरी गाठायची तर वेल्सला आठ गोलांच्या फरकाने हरवायला हवं होतं. आपण २-० ने पुढे गेलो आणि तिसऱ्या सत्रात वेल्सने २-२ केले. अखेर ४-२ ने जिंकलो, म्हणून त्या सत्राचा विचार फारसा कुणी केला नाही. मला मात्र पुढचं सगळं तिथेच दिसतं.

रविवार, २२ जानेवारी, संध्याकाळचे ७.
कलिंगा स्टेडियम, समोर न्यूझीलंड. हरेल तो बाहेर. इकडे जयसिंगपुरात उसाचा हंगाम ऐन भरात. आमचा भाग कुस्तीचा आणि फुटबॉलचा. पण विश्वचषक म्हटला की हॉकीसाठीही माणसं टीव्हीसमोर बसतात.

१७वे मिनिट. उरली ४३.
ललित उपाध्यायचा गोल. देखणा, धावत्या खेळातून आलेला.

२४वे मिनिट. उरली ३६.
सुखजीतने दुसरा मारला. २-०.

२८वे मिनिट. उरली ३२.
न्यूझीलंडच्या सॅम लेनने एक फेडला. मध्यंतराला २-१.

४०वे मिनिट. उरली २०.
पेनल्टी कॉर्नरवर वरुण कुमार. ३-१. पुन्हा दोन गोलांची आघाडी, आणि माझ्या मते सामना इथेच हातातून सुटायला लागला. गुणांवर पुढे असलेला मल्ल अंग चोरू लागला की आमच्याकडचं मैदान लगेच ओरडतं. निकाली कुस्ती बघायची सवय असलेल्या डोळ्यांना ते सहन होत नाही. हॉकीत अंग चोरणं म्हणजे चेंडू मागच्या मागे फिरवणं, मधली फळी आत ओढून घेणं, पुढे एकट्यालाच ठेवणं. गोलापुढे गर्दी असली की सुरक्षित वाटतं. पण समोरचा गोलापुढच्या डीमध्ये शिरला आणि चेंडू आपल्या एखाद्याच्या पायाला लागला की पेनल्टी कॉर्नर. तिथे गोलरक्षकासह पाचच जण उभे राहू शकतात, बाकीच्यांना मध्यरेषेपलीकडे जावं लागतं. ती सगळी गर्दी नेमक्या त्या क्षणी कामाची राहत नाही.

४३वे मिनिट. उरली १७.
पेनल्टी कॉर्नर. केन रसेल. ३-२.

४९वे मिनिट. उरली ११.
पुन्हा पेनल्टी कॉर्नर. शॉन फिंडले. ३-३.

हे काही पहिल्यांदा घडलं नव्हतं. २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये पोलंडविरुद्ध आपण १-० ने पुढे होतो आणि शेवटच्या दोन मिनिटांत गोल खाल्ला. त्या बरोबरीने उपांत्य फेरी गेली. खडकीचा धनराज पिल्ले त्या संघात होता. ऑलिंपिकचं पदक त्याला शेवटपर्यंत मिळालं नाही, आणि मला ते आजही लागतं.

६०वे मिनिट.
३-३ कायम. शूटआउटमध्ये पाच-पाच प्रयत्नांनंतरही बरोबरी. मग सडन डेथ. आपला गोलरक्षक श्रीजेश जखमी होऊन बाहेर गेला, कृष्ण पाठक आत आला. ४-५. यजमान संघ उपांत्यपूर्व फेरीच्या आधीच स्पर्धेतून गेला.

२६ जानेवारी, राऊरकेला.
नवव्या ते सोळाव्या क्रमांकासाठीचे सामने. समोर जपान. मिळवायचं फारसं काही नव्हतं आणि सांभाळायचं तर काहीच नव्हतं. हार्दिक वगळता तीच पोरं, तेच प्रशिक्षक ग्रॅहम रीड. मध्यंतराला गोलफलक कोरा होता, तरी नंतर ती पुढेच जात राहिली. निकाल ८-०. वेल्सविरुद्ध हवे होते, तेवढेच गोल. चार दिवसांनी रीड यांनी राजीनामा दिला.