तंत्रकुशल मनुष्यबळाचा तुटवडा : खरा किती, भासमान किती?

महाल, नागपूर : माहिती तंत्रज्ञान क्षेत्राला कुशल माणसे मिळत नाहीत, असे उद्योगजगत वर्षानुवर्षे सांगत आले आहे. दुसरीकडे महालातील जुन्या वाड्यांतून अभियांत्रिकीची पदवी घेतलेली मुले-मुली नोकरीसाठी पुणे, बंगळुरू, हैदराबादची वाट धरतात. या विसंगतीचा उलगडा ‘कुशल’ या शब्दात आहे.

तुटवड्याची चर्चा २००५ च्या नॅसकॉम-मॅकिन्सी अहवालाने देशभर पोहोचवली. २०१० पर्यंत सुमारे ५ लाख प्रशिक्षित माणसे कमी पडतील आणि अभियांत्रिकी पदवीधरांपैकी जेमतेम २५ टक्केच बहुराष्ट्रीय कंपन्यांत नोकरीयोग्य आहेत, असे त्यात म्हटले होते. म्हणजे उणीव होती ती संख्येची नव्हे, तयारीची.

तुटवडा पारखण्याची सोपी कसोटी म्हणजे वेतन. वस्तू दुर्मीळ झाली की भाव चढतो. मात्र मोठ्या सेवा कंपन्यांत बहुसंख्य नवोदितांचे वार्षिक वेतन दीर्घकाळ ३ ते ४ लाख रुपयांच्या घरातच रेंगाळले. महागाई जमेस धरता ते घटलेच. भाव चढला तो अनुभवी माणसांचा. एप्रिल ते जून २०२२ या तिमाहीत इन्फोसिसमधील नोकरी सोडण्याचे वार्षिक प्रमाण २८.४ टक्क्यांवर गेले होते.

अनुभवही कायमचे कवच नाही. जुलै २०२५ मध्ये टीसीएसने सुमारे १२ हजार जणांच्या कपातीची घोषणा केली. त्यांत मध्यम व वरिष्ठ श्रेणीतील कर्मचारी प्रामुख्याने होते. कामाची गरज आणि कौशल्ये यांचा मेळ बसत नसल्याचे कारण कंपनीने दिले.

तात्पर्य, तुटवडा आहे तो विशिष्ट कौशल्ये व अनुभव असलेल्यांचा. शिकण्यास तयार असलेल्या पदवीधरांचा नव्हे. त्यांना घडवण्याचा खर्च कंपनीने उचलायचा, महाविद्यालयाने की कुटुंबाने, हा खरा प्रश्न आहे. पदवीनंतर पुन्हा खासगी शिकवणीचे शुल्क भरावे लागले, तर तो भार पालकांवरच पडतो.

वर्धा मार्गावरील मिहानमध्ये टीसीएस, इन्फोसिस, एचसीएल या कंपन्या आल्याने घराजवळ रोजगाराची आशा निर्माण झाली आहे. तथापि प्रवेश घेताना पालकांनी केवळ तुटवड्याच्या बातम्यांवर विसंबू नये. मागील वर्षी किती विद्यार्थ्यांना नोकरी मिळाली, कोणत्या वेतनावर मिळाली आणि त्यांपैकी किती जण प्रत्यक्ष रुजू झाले, हे तीन प्रश्न महाविद्यालयाला अवश्य विचारावेत.