हुतूतूची रीत आणि जिंकण्याचा अर्थ

खेळात कोण जिंकले हे मैदानावरच दिसते, अशी आपली भाबडी समजूत असते. १९७३च्या युरोपातील पंचराष्ट्रीय रग्बी स्पर्धेत पाचही संघांनी दोन-दोन सामने जिंकले. बरोबरी फोडणारा नियमच नसल्याने विजेतेपद पाचांत वाटले गेले. गुणफरकाचा निकष आला तो १९९४ मध्ये.

आपल्या हुतूतूपुढेही हाच प्रश्न होता. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला मेलेला गडी उठे. गामिनीत मेलेला डाव संपेपर्यंत बाहेरच राही. अमरमध्ये बाद झालेलाही खेळत राही, गुण तेवढा मोजला जाई. एकाच चढाईचे मोल तीन प्रकारांत तीन. म्हणून वसईच्या असोत वा विदर्भातल्या, दोन गावांना आधी रीत ठरवावी लागे. १९५० मध्ये अखिल भारतीय महासंघ स्थापन झाला. पुढे संजीवनीच सर्वमान्य झाली आणि १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदक लाभले.

तरी रीतीचा वाद मिटला नाही. ७ ऑक्टोबर २०२३ रोजी हांगझोऊ येथे भारत-इराण अंतिम सामना २८-२८ असताना पवन सेहरावत कुणालाही न शिवता लॉबीत गेला. मागोमाग इराणचे बचावपटूही गेले. जुन्या नियमाने तेही बाद, नव्याने एकटा पवन. खेळ बराच वेळ थांबला. अखेर भारत ३३-२९ असा जिंकला. अस्लम इनामदार, आकाश शिंदे हे आपले गडी त्या संघात होते; आनंद झालाच. पण खेळ थांबवून शोधलेल्या नियमाचे सुवर्ण जेत्यालाही पुरते आपले वाटत नाही. रीत आधी ठरवणारी गावे अधिक शहाणी होती.