उसना उजेड आणि स्थिरचित्राची पारख

पूर्वीच्या औरंगाबाद जिल्ह्यातील अजिंठ्याच्या लेण्यांत, न हलणाऱ्या वस्तूवर मिळेल त्या साधनाने उजेड पाडून तिचे छायाचित्र कसे घ्यावे आणि ते खरे उतरले की नाही हे कोणी सांगावे, हे दोन्ही प्रश्न छायाचित्रणाच्या बाल्यावस्थेतच उभे राहिले. स्थिरचित्र म्हणजे मुद्दाम मांडून ठेवलेल्या अचल वस्तूंचे चित्र. त्या काटेकोर अर्थाने लेण्यातील मूर्ती स्थिरचित्राचा विषय ठरत नाही, परंतु उजेडाची अडचण आणि पारखीची कसोटी दोन्हीकडे एकच असल्यामुळे या परिसरापुरता तो इतिहास अजिंठ्यापासून सांगणेच योग्य होय.

भित्तिचित्रांच्या रंगीत प्रतिकृती करण्यासाठी मद्रास सैन्यातील रॉबर्ट गिल या अधिकाऱ्याची १८४४ मध्ये नेमणूक झाली आणि पुढे त्याने कुंचल्याच्या जोडीला कॅमेराही हाती घेतला. त्या काळच्या ओल्या काचेच्या पद्धतीत काचेवर कलोडियन नावाच्या चिकट द्रवाचा थर देऊन ती चांदीच्या क्षारात बुडवावी लागे, आणि थर सुकण्याच्या आत चित्र घेऊन ते धुण्याचे कामही उरकावे लागे. शिवाय हा थर निळ्या प्रकाशाला चटकन प्रतिसाद देई, पण तांबड्या-पिवळ्याला जवळजवळ आंधळा असे, त्यामुळे गेरू आणि पिवळी माती यांनी रंगवलेली भिंत काचेवर काळवंडून उतरे. रंगांसाठी कुंचला आणि दगडी घडणीसाठी कॅमेरा ही वाटणी त्यामुळे अपरिहार्यच होती. गिलची छायाचित्रे १८६४ मध्ये लंडनला पुस्तकरूपाने निघाली, तेव्हा त्यांसोबतचा मजकूर जेम्स फर्ग्युसन याने लिहिला, आणि ही लेणी त्याने १८३९ मध्येच स्वतः पाहिलेली होती. पारख करणाऱ्याने मूळ वस्तू डोळ्यांखालून घातलेली असणे, हे भाग्य फार थोड्या छायाचित्रांच्या वाट्याला येते. गिलच्या बहुतेक रंगीत प्रतिकृती १८६६ मध्ये लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधील आगीत जळून गेल्या, हे आठवले की त्या छायाचित्रांचे मोल अधिकच जाणवते.

लेण्यांतील अंधारावर पुढच्या काळात जी युक्ती रूढ झाली, ती अत्यंत साधी होती: एकाने बाहेर उन्हात आरसा धरून किरण आत वळवायचे आणि दुसऱ्याने आत पांढरी चादर ताणून ते झेलायचे, म्हणजे आरशाचा झगझगीत कवडसा चादरीवर पसरून मऊ होई आणि भिंतीवर सारखा पडे. सूर्य सरकला की आरसा फिरवावा लागे.

मुंबईत मात्र पारखीला संस्थेचे रूप आले. १८५४ मध्ये तेथे फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली, डॉ. भाऊ दाजी लाड आणि त्यांचे बंधू नारायण दाजी तिचे सदस्य होते, आणि समव्यवसायींपुढे आपले काम ठेवून त्यावर मत घेण्याची सोय प्रथमच झाली.

महाराष्ट्रातील शाळकरी मुलांपर्यंत उजेड-सावली पारखण्याची दृष्टी पोहोचली ती शासकीय रेखाकला परीक्षांमुळे, कारण त्यांतील एलिमेंटरीचे वस्तुचित्र आणि इंटरमिजिएटचे स्थिरचित्र यांत उजेड कोणत्या बाजूने आला आणि सावली कुठे पडली, हेही तपासणारा पाहतो. हीच नजर छायाचित्राला लावून पाहण्यासाठी पितळी तांब्याचे उदाहरण पुरेसे आहे. उजेड समोरून आला की तांब्याचे पोट सपाट दिसते. खिडकी डावीकडे असली की गोलाई उठते, पण चकचकीत पितळेत त्या खिडकीचा पांढरा चौकोनही उमटतो आणि उजवी बाजू काळोखात बुडते. उजवीकडे धुतलेले धोतर ताणून धरले, तर बुडालेली कड पुन्हा वर येते, आणि खिडकीवर पातळ कापड सोडले, तर चौकोनाच्या कडा विरून जातात. जाणकार परीक्षक म्हणूनच दिवा कुठला वापरला हे विचारीत बसत नाही. तो तांब्याच्या पोटावरील त्या पांढऱ्या डागाची कड करकरीत आहे की विरलेली, एवढेच निरखतो.