सरखेलांनंतर कोण? कुलाब्याच्या गादीची गोष्ट

मुंबईहून सुटलेली बोट मांडव्याच्या धक्क्याला लागते आणि प्रवासी अलिबागच्या बसकडे धावतात. अठराव्या शतकात या किनाऱ्याची सत्ता अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात होती आणि पलीकडच्या मुंबईकर इंग्रजांना आंग्रे या नावाची धास्ती होती. इंग्रज, पोर्तुगीज आणि सिद्दी यांना हे आरमार मोडता आले नाही. ते मोडले वारसाच्या प्रश्नाने.

आधी थोडे रोमकडे वळू. ऑगस्टसने सत्ता हाती घेतली, पण राजा ही पदवी घेतली नाही. सिनेटने बहाल केलेल्या अधिकारांची मोळी म्हणजे त्याचे सम्राटपद. असे पद कायद्याने वारशाला कसे जाणार? म्हणून प्रत्येक सम्राटाच्या मृत्यूनंतर तोच प्रश्न उभा राही आणि उत्तर बहुधा सैन्य देई.

आंग्र्यांचीही अडचण नेमकी हीच. सरखेल हे छत्रपतींनी दिलेले पद. १७१३ मध्ये बाळाजी विश्वनाथांच्या मध्यस्थीने कान्होजी शाहू महाराजांच्या पक्षात आले आणि ते पद त्यांच्याकडे कायम झाले. व्यवहारात मात्र किल्ले, गलबते, महसूल हे सारे घराण्याचे होऊन बसले होते. पद दरबाराचे, दौलत घराची. मग वारस ठरवायचा कोणी?

१७२९ मध्ये कान्होजी वारले. थोरले सेखोजी कर्तबगार असल्याने प्रश्न दबून राहिला. १७३३ मध्ये जंजिऱ्याची मोहीम ऐन भरात असताना तेही गेले, आणि सिद्दीला श्वास घ्यायला उसंत मिळाली.

आता संभाजी सरखेल झाले आणि त्यांचे सावत्र भाऊ मानाजी यांच्याशी त्यांचे बिनसले. मानाजींनी पोर्तुगीजांची मदत घेऊन कुलाबा काबीज केला. तिथला कारभार पाहणारे भाऊ येसाजी यांचे डोळे त्यांनी काढवले, असे ग्रँट डफ लिहितो. संभाजी चालून आले तेव्हा मानाजींच्या मदतीला बाजीराव धावले; मोबदल्यात कोथळागड आणि राजमाची पेशव्यांकडे गेले. भावांच्या भांडणात पंचाला मिळालेली ही पहिली दक्षिणा!

१७३५ मध्ये तोडगा निघाला तो वाटणीचा. संभाजींकडे सरखेलपद आणि दक्षिणेकडचे सुवर्णदुर्ग-विजयदुर्ग. मानाजींकडे कुलाबा आणि 'वजारतमाब' हा नवा किताब. रोममध्येही असा बेत झाल्याचे हेरोडियन सांगतो. इ. स. २११ मध्ये सेप्टिमियस सेव्हेरस वारल्यावर काराकल्ला आणि गेटा या त्याच्या मुलांनी साम्राज्य वाटून घेण्याचे घाटले होते. आईने तो बेत मोडला आणि वर्ष संपायच्या आत काराकल्लाने गेटाचा खून करवला. तिथे भाऊ संपला, साम्राज्य अखंड राहिले. इथे भाऊ जगले, आरमार दुभंगले. माझ्या मते मराठ्यांच्या सागरी इतिहासातला हा सर्वांत महागडा निवाडा.

कारण भांडण मिटलेच नाही. १७४० मध्ये संभाजी पुन्हा कुलाब्यावर आले. मानाजींनी पेशव्यांकडे मदत मागितली आणि इंग्रजांकडेही. ज्या मुंबईला कान्होजींनी जेरीस आणले, तिचीच जहाजे त्यांच्या एका मुलाच्या बाजूने दुसऱ्यावर गेली. याच मोहिमेत नानासाहेब या किनाऱ्यावर असताना त्यांना बाजीरावांच्या निधनाची वार्ता कळली. दुसऱ्याच्या वारसाचा निवाडा करायला आलेल्या तरुणापुढे आता स्वतःच्याच वारशाचा प्रश्न होता.

संभाजींनंतर विजयदुर्गाकडे तुळाजी आले. त्यांनी पेशव्यांना जुमानले नाही. १७५५ मध्ये सुवर्णदुर्ग पडला, आणि फेब्रुवारी १७५६ मध्ये वॉटसन आणि क्लाइव्ह यांच्या तोफांनी विजयदुर्गाच्या बंदरात आंग्र्यांचे आरमार जाळले. पेशव्यांच्या संमतीने इंग्रजांनी मराठ्यांची गलबते जाळली, या वाक्यापाशी वाचक अडखळतो, अडखळलेच पाहिजे. मात्र पुण्याच्या दृष्टीने तुळाजी हे बंडखोर सरदार होते, हेही ध्यानात घ्यावे लागते.

कुलाब्याची शाखा मागे उरली. मानाजींनंतर रघुजींनी १७९३ पर्यंत शांततेत राज्य केले. मग पुन्हा तंटे, पुन्हा बाहेरचा पंच. या वेळी शिंद्यांच्या पाठबळाने बाबूराव गादीवर आले. १८२२ च्या तहाने तर गादी रिकामी झाल्यास नव्या धन्याला मान्यता देण्याचा अधिकार कंपनीने स्वतःकडे घेतला.

डिसेंबर १८३८ मध्ये दुसरे रघुजी वारले. त्यांच्या पश्चात जन्मलेल्या मुलाचे नाव ठेवले कान्होजी. ते बाळ काही महिन्यांतच दगावले. दत्तक घेण्याची परवानगी मागितली गेली. कंपनीने ती नाकारली.

रोममध्ये नर्व्हाने ट्राजनला दत्तक घेतले, हेड्रियनने अँटोनायनसला. साम्राज्याचा सर्वांत सुस्थिर काळ अशाच दत्तक वारसांचा. हा इतिहास तोंडपाठ करून आलेल्या साहेबांनी कुलाबा खालसा केला, तेव्हा डलहौसी हिंदुस्थानात यायचा होता.